बाळ, आजी आणि मातीची माणसं

लालबाग-परळच्या मुलाची पहिली सहल ठरलेलीच असते : राणीची बाग. कागदोपत्री ते वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण कंडक्टरपासून आजीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी राणीची बागच. पूर्वी हत्ती दाखवायला नेत, २०१७पासून पेंग्विन. त्यासाठी सहा महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन रांगेत उभं राहायला कुणी मागेपुढे पाहत नाही. मात्र बागेच्या दाराशीच असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जाऊ म्हटलं, की लगेच प्रश्न येतो, ‘एवढ्याशा जिवाला तिथलं काय कळणार?’

जसं काही पेंग्विन कळतो!

आपण तिकीट, पिशवी, दुधाची बाटली सांभाळत आत शिरतो, तेव्हा खांद्यावरचं बाळ छताकडे टक लावून बघत असतं. आणि इथलं छत बघण्यासारखंच आहे. ही इमारत १८७२ साली लोकांसाठी खुली झाली. तिच्यासाठी वर्गणी जमवण्यात पुढे होते ते डॉ. भाऊ दाजी, १९७५ साली संग्रहालयाला त्यांचं नाव मिळालं. मधल्या काळात वास्तूची रया गेली होती. दुरुस्ती होऊन २००८ साली ती पुन्हा उघडली, तेव्हा नक्षीचे रंग पुन्हा दिसू लागले.

खरी गंमत मात्र मातीच्या बाहुल्यांची. काचेच्या कपाटांत इथं अख्खी जुनी मुंबई उभी आहे. नाना जातीजमातींचे स्त्री-पुरुष, कारागीर, आणि पगड्या-पागोटी दाखवणारी नुसती डोकी! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे. जे. कला शाळेचे प्रमुख सेसिल बर्न्स संग्रहालयाचंही काम पाहत. त्या सुमारास असे बरेच नमुने इथं घडले. साहेबाला ‘नेटिव्ह’ माणसांचे प्रकार मांडून ठेवायची हौस होती, हे बघताना जाणवतं आणि थोडं खुपतंही. आपलेच खापरपणजोबा, धंद्याप्रमाणे लावून ठेवलेले.

आजीला मात्र त्याचं काही नसतं. ती थेट लुगड्याच्या काष्ट्याकडे बघते आणि सांगते, ‘आमच्याकडे असं नेसत नाहीत.’ मग कसं नेसतात ते सांगते, मग आपल्या आईचं सांगते. हे सगळं ती सुनेला नव्हे, बाळाला सांगत असते. एरवी मोठी माणसं संग्रहालयात तोंडाला कुलूप लावून पाट्या वाचत हिंडतात. कडेवर मूल असलं की बोलावंच लागतं. ‘हे बघ कोण? पगडीवाले आजोबा!’ सूनही कान देऊन ऐकते, आणि तिला जे कधी विचारायला सुचलं नसतं ते फुकटात कळतं.

गिरणगावात या बोलण्याला आज फार किंमत आहे. १९८२च्या संपानंतर गिरण्यांबरोबर इथली कितीतरी कुटुंबं उठली, कुणी गावी गेलं, कुणी विरार-बदलापूर गाठलं. चाळींच्या जागी टॉवर आले. जातं, पाटा-वरवंटा, पांगुळगाडा घरातून गेले, पाठोपाठ त्यांची नावंही चालली. आजी आहे तोवरच विचारायचं ते विचारून घ्यावं.

घरच्या वस्तूंचंच संग्रहालय बघायचं असेल, तर पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावं. दिवे, अडकित्ते, वाद्यं, बाहुल्या. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून हे जमवलं आणि १९७५ साली सरकारच्या हाती सोपवलं. नावातला ‘राजा’ म्हणजे त्यांचा लहानपणीच गेलेला मुलगा. तिथल्या खेळण्यांपुढे आपल्या मुलाला घेऊन उभं राहिलं, की हात आपोआप जरा घट्ट होतो.

राणीच्या बागेत निघताना बाळाचं पोट भरलेलं असावं आणि झोप झालेली असावी, एवढं बघा. काचेला लाळेचे हात लागले तर रुमालाने पुसा. कंटाळलं तर बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे. १८६४ साली त्याला इंग्लंडला नेण्याच्या खटाटोपात त्याचे तुकडे झाले, ते जोडून इथं उभा केलाय. बुधवारी मात्र जाऊ नका, बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात.