हंगेरीच्या खेड्यातला बूट करणारा कारागीर आणि त्याची पत

आज आपण हंगेरीच्या खेड्याकडे जरा खालून, म्हणजे माणसांच्या पायांकडून पाहू या. १९व्या शतकात तिथं माणसाची पत पायावरून ओळखू यायची. गरिबाच्या पायात 'बोच्कोर', म्हणजे चामड्याच्या तुकड्याची, वादीनं पायाला बांधलेली साधी वहाण. ऐपतदाराच्या पायात 'चिझ्मा', उंच बूट. हा शब्द तुर्कीतून आलेला. उमरावकीची सनद आहे पण जमीन जेमतेम, अशा माणसाला लोक 'बोच्कोरवाला उमराव' म्हणायचे. टोमणा कुठे बसतो, ते लक्षात आलं असेल.

मग प्रश्न असा की, ज्या वस्तूनं पत दिसते ती वस्तू करणाऱ्याची पत काय?

इथं दोन माणसं वेगळी करायला हवीत. 'चिझ्मादिआ' हा उंच बूट करणारा. तो बहुधा बाजारपेठेच्या गावात राही, कारागीर-संघाचा सभासद असे आणि जत्रेत माल विकी. १८७२च्या कायद्यानं हे संघ बंद झाले, तरी त्याचा मान लगेच गेला नाही. दुसरा खेड्यातला ठिगळं लावणारा. त्याचं मुख्य काम दुरुस्ती. नवा जोड महाग, म्हणून जुना पुन्हापुन्हा शिवायचा.

या दुसऱ्याची गरज सगळ्यांना, पण मान कमी. कारण काय? शेतकऱ्यांच्या गावात मोजमाप एकच, जमीन. तिथला खरा माणूस म्हणजे स्वतःची शेती आणि जनावरं असलेला 'गाझ्दा'. बसून काम करणारा, दुसऱ्याच्या धान्यावर जगणारा कारागीर त्या मापात कमीच भरायचा. शेतीचं अंगमेहनतीचं काम ज्याला झेपत नसे, अशा मुलाला या धंद्याला लावण्याची रीत युरोपात बऱ्याच ठिकाणी होती. तोही शिक्का या धंद्यावर बसला.

आपल्याकडच्या श्रोत्यांसाठी एक फरक सांगायलाच हवा. चामड्याचं काम म्हणून तिथं विटाळ नव्हता, धंदा जन्मानं बांधलेला नव्हता. 'वर्गा', म्हणजे चांभारकाम करणारा, हे तर हंगेरीतलं अगदी सर्रास आढळणारं आडनाव आहे. कमीपणा होता तो जमीन नसल्याचा.

पण याच कमीपणातून एक मोकळीकही आली. हात कामात, कान आणि तोंड मोकळं. दुकानात माणसं बसलेली. एरिक हॉब्सबॉम आणि जोन स्कॉट यांनी १९८०च्या लेखात हेच विचारलं, की युरोपातले बूट करणारे राजकारणात इतके पुढे का? उत्तराचा एक भाग इथंच आहे. जमीनदाराच्या शेतावर मजुरीला न जाणारा माणूस थोडं जास्त बोलू शकतो.

पुढे कारखान्याचा बूट आला. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला टिसा नदीकाठी मार्टफू इथं बाटाचा कारखाना उभा राहिला. खेड्यातल्या कारागिराकडे उरली ती मुख्यतः दुरुस्ती. म्हणजे गावानं ज्याला कधी पूर्ण मान दिला नाही, त्याचं कामही आता दुसरीकडे गेलं.