तोफगोळा बांधावर पडला, तर भरपाई कोण देणार?

बहुला किल्ल्यावर जायचे ठरवले की ट्रेकर मंडळी आधी एक चौकशी करतात: आज फायरिंग आहे का? नाशिकहून मुंबईकडे निघाले की विल्होळी, राजूर बहुला, आंबे बहुला ही नावे लागतात आणि त्या बाजूच्या डोंगरांवर देवळालीच्या तोफखाना स्कूलचा सराव चालतो. वर्षातून एकदा ‘तोपची’ नावाचे मोठे प्रात्यक्षिक होते, त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रात येतात. उरलेले वर्षभर सराव चालू असतो. गावकऱ्यांना त्या आवाजाची इतकी सवय असते की पाहुणा दचकला की तेच हसतात.

पण लष्कराच्या गाड्या उभ्या पिकातून गेल्या, बांध फुटला, विहिरीचा कठडा ढासळला किंवा गोळ्याचा तुकडा पत्र्यातून आत आला, तर पैसे कोण देते? लढाई पेटली असेल तर? आणि लष्कराने घरच ताब्यात घेतले तर? या तीन प्रश्नांची तीन वेगळी उत्तरे आहेत, कारण नुकसान किती झाले हे कायदा नंतर विचारतो. त्याचा पहिला प्रश्न असतो: त्या वेळी लष्कर काय करत होते? सराव, मुक्काम की लढाई?

सरावाचा कायदा सगळ्यात उदार आहे आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे. तो १९३८ सालचा, इंग्रजांच्या काळातला. मराठीत त्याला युद्धसराव, मैदानी गोळीबार व तोफखाना सराव कायदा म्हणता येईल. राज्य सरकार राजपत्रात अधिसूचना काढून एखाद्या भागात ठरावीक मुदतीसाठी युद्धसरावाला परवानगी देते. ही मुदत तीन महिन्यांपेक्षा जास्त नसते आणि तोच भाग तीन वर्षांत साधारणपणे पुन्हा घ्यायचा नसतो. त्या मुदतीत फौज खासगी जमिनीवरून जाऊ शकते, तळ टाकू शकते, तात्पुरती बांधकामे करू शकते, पाणी घेऊ शकते. राहते घर आणि त्याचे आवार, देऊळ-मशीद, शाळा, कारखाना, गोदाम, बाग यांत मात्र शिरता येत नाही. सराव संपल्यावर जमीन होती तशी करून देणे हे फौजेच्या अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे.

भरपाई या कायद्यात हक्क म्हणून लिहिलेली आहे. माणसाला किंवा मालमत्तेला झालेली इजा, हक्कात आलेला अडथळा, इतकेच काय, नुकसान टाळण्यासाठी तुम्ही केलेला वाजवी खर्चही त्यात बसतो. गाड्या येणार म्हणून तुम्ही बागेभोवती काटेरी तारेचे कुंपण घातले, तर त्याचे बिल मागता येते. पैसा संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकातून यायचा असतो.

ठरवणारा माणूस मात्र लष्कराचा नाही, महसूल खात्याचा. जिल्हाधिकारी फौजेबरोबर महसुली अधिकारी पाठवतो, त्याने जागेवर चौकशी करायची, रक्कम ठरवायची आणि शक्य तर तिथेच द्यायची. रक्कम नाकारली किंवा कमी वाटली, तर निर्णय कळल्यापासून १५ दिवसांत त्याच अधिकाऱ्याला अपिलाची नोटीस द्यायची. मग जिल्हाधिकारी आयोग नेमतो. अध्यक्ष तो स्वतः, एक सदस्य लष्कराच्या बाजूचा आणि दोन जिल्हा बोर्डाने सुचवलेले. आज बोर्डाच्या जागी जिल्हा परिषद आली आहे. या आयोगाचा निर्णय अंतिम असतो, त्याविरुद्ध दिवाणी दावा चालत नाही. दाव्याला, नोटिशीला, अपिलाला कोणतीही फी नाही. सरकारी दारात फुकट होणाऱ्या कामांची यादी फार लांब नसते, म्हणून हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या कायद्यात अडथळा आणणाऱ्यासाठी सांगितलेला दंड दहा रुपये आहे. ही रक्कम १९३८ सालची, तशीच राहिलेली.

तोफगोळ्यांच्या सरावासाठी त्याच कायद्यात वेगळा भाग आहे. तिथे अधिसूचित क्षेत्रात धोक्याचा पट्टा जाहीर होतो आणि त्या वेळेपुरती माणसे-जनावरे बाहेर काढता येतात. बाहेर काढल्यामुळे बुडालेली मजुरी आणि पाणी देता न आल्याने किंवा राखण करता न आल्याने खराब झालेले पीक, दोन्ही भरपाईस पात्र आहेत. शेतात गोळा पडलाच पाहिजे असे नाही. ही बाब बहुतेकांच्या दाव्यातून गळून पडते.

आता एक दावा जवळून पाहू. समजा, लष्करी ट्रक वाट चुकून टोमॅटोच्या वावरातून गेला. पंचनाम्यात ‘ट्रकमुळे पिकाचे नुकसान झाले’ एवढेच लिहिले असेल, तर पुढे त्या वाक्याचा काही उपयोग नाही. हवे ते असे: गट नंबर, चाकोरीची लांबी आणि रुंदी, तुटलेले बांबू आणि तार, किती झाडे आडवी, तोडणी कितवी चालू होती, ठिबकच्या किती नळ्या फाटल्या, दोन नळ्यांमधले अंतर, गाडीवरचा नंबर. लष्करी गाड्यांच्या नंबरात बाण असतो, तो बाण आणि पुढचे आकडे जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि कृषी सहायक दोघांच्या सह्या असाव्यात, दोन पंच शेजारचे पण भाऊबंदातले नसावेत. सातबारा जोडायचा. ई-पीक पाहणीत त्या गटावर टोमॅटोची नोंद आहे ना, हे आधी पाहायचे. नोंद ‘पडीक’ असेल आणि तुम्ही टोमॅटोचे पैसे मागत असाल, तर पुढचा सगळा वेळ त्या एका खुलाशात जातो. घराची भिंत असेल तर बांधकाम विभागाकडून मूल्यांकन घ्यावे, तडा पट्टी लावून फोटोत मोजलेला असावा. तहसील कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्यायची आणि प्रत लष्कराच्या स्थानिक स्टेशन मुख्यालयाला पाठवायची.

न फुटलेला गोळा किंवा त्याचा तुकडा सापडला, तर पुरावा म्हणून घरी आणायचा नाही. हात न लावता पोलिसांना कळवायचे, पुढचे काम लष्कराच्या पथकाचे. पितळ आणि पोलाद भंगारात चांगले पैसे देतात, त्या मोहाने गोळीबार क्षेत्राजवळ देशभर माणसे गेली आहेत.

सरावाचा कायदा मुळात तात्पुरत्या वापरासाठी, पण काही ठिकाणी तोच वर्षानुवर्षे लांबत जातो. अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंज या लष्करी सराव क्षेत्राचे नाव खारे कर्जुने गावावरून आलेले. नगर, राहुरी आणि पारनेर या तीन तालुक्यांतल्या २३ गावांची जमीन तिथे सुरक्षा क्षेत्रात अडकली आणि कर्ज, विक्री, विहीर यांवरून तिथले आंदोलन कित्येक वर्षे धुमसते आहे. झारखंडमधल्या नेतरहाटला तर आदिवासींनी सुमारे तीन दशके लढा दिला, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या सरकारने अधिसूचना पुढे वाढवायची नाही असे ठरवले. मला वाटते, एकदाच्या पिकापेक्षा ही टांगलेली जमीनच जास्त महाग पडते, आणि १९३८ च्या कायद्याकडे तिचे मोजमापच नाही.

अधिसूचित हद्दीबाहेर गोळा पडला किंवा सराव नसताना लष्करी गाडीने तुमची भिंत पाडली, तर मामला साध्या निष्काळजीपणाचा होतो. गाडीचा अपघात असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भारत सरकारला प्रतिवादी करता येते. मालमत्तेचे नुकसानही तिथे मागता येते. दिवाणी दावा लावायचा तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ती युनिटच्या साहेबांना नाही, भारत सरकारच्या सचिवांच्या नावे. सरकारचा ठरलेला बचाव असतो: हे सार्वभौम कार्य होते. १९६५ च्या कस्तुरीलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला होता. पण त्याआधी १९६२ साली पंजाब उच्च न्यायालयाने कोळसा वाहणाऱ्या लष्करी ट्रकच्या अपघातात सरकारला जबाबदार धरले होते. कोळसा वाहणे म्हणजे लढणे नव्हे, इतका सरळ तो मुद्दा आहे.

मुक्कामाचे नियम निराळे. दुसऱ्या महायुद्धात भारत संरक्षण कायद्याखाली बंगले, गोदामे, जमिनी अधिग्रहित केल्या गेल्या. रकमेवर एकमत झाले नाही तर लवादाकडे जायचे. स्वातंत्र्यानंतर १९५२ चा अधिग्रहण कायदा आला. त्यात भरपाईचे दोन भाग आहेत: वापरासाठी भाड्याइतकी रक्कम आणि त्याशिवाय जागा खाली करण्याचा, परत येण्याचा खर्च व साधी झीज वगळता झालेले नुकसान. म्हणून ताबा देतानाच खोलीनिहाय यादी, दरवाजे-खिडक्यांची मोजदाद आणि फोटो करून घ्यावेत. अनेक वर्षांनी ताबा परत मिळतो तेव्हा झीज आणि मोडतोड यांतला वाद त्या यादीनेच मिटतो.

परत मिळणेही नेहमी सोपे नसते. बंगळुरूच्या ब्यप्पनहळ्ळी भागातली जमीन संरक्षण खात्याने १९६३ मध्ये घेतली. अधिग्रहण १९८७ मध्ये कायद्यानेच संपले, तरी ताबा सुटला नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये तीन महिन्यांत जमीन परत करण्याचा आदेश दिला. हा निकाल हाताशी ठेवण्यासारखा आहे.

राहिली लढाई. इथे हक्काची भाषा जवळपास संपते. १९४२ मध्ये जपानी फौज रंगूनकडे येत असताना ब्रिटिशांनी बर्मा ऑइल कंपनीचे तेलप्रकल्प स्वतःच उद्ध्वस्त केले. कंपनी लंडनपर्यंत लढली आणि १९६४ मध्ये लॉर्ड्‌सच्या न्यायालयात जिंकली. न्यायाधीशांनी भेद केला होता: ऐन लढाईतल्या नुकसानीचे पैसे नाहीत, पण शत्रूच्या हाती पडू नये म्हणून ठरवून केलेल्या नाशाचे आहेत. ब्रिटिश संसदेने पुढच्याच वर्षी पूर्वलक्षी कायदा करून तो विजय पुसून टाकला.

आपल्याकडे लढाईनंतर मिळते ती मदत, सरकारच्या निर्णयाने. संसदेवरील हल्ल्यानंतर डिसेंबर २००१ मध्ये ऑपरेशन पराक्रमसाठी पंजाब-राजस्थानच्या सीमेवरील शेतांत सुरुंग पेरले गेले आणि पेरणी बुडालेल्या शेतकऱ्यांना एकरी मदत देण्यात आली. मे २०२५ मध्ये पूंछमध्ये पाकिस्तानी तोफगोळ्यांनी घरे पडली, तिथेही पैसा सरकारी मदत म्हणूनच आला. रक्कम ठरवणारा आणि ती नाकारू शकणारा एकच असतो.

विम्याचा भरवसा नको. घराच्या आणि आगीच्या पॉलिसीत युद्ध वगळलेले असते, पंतप्रधान पीक विमा योजनेतही तसेच. गंमत अशी की आगीच्या प्रमाणित पॉलिसीत ‘क्षेपणास्त्र चाचणी’ हा संरक्षित धोका आहे. तोफेच्या सरावाचा गोळा त्यात बसतो का, हे कंपनीशी भांडून पाहण्यासारखे आहे.

परक्या फौजेने केलेल्या नुकसानीचे पैसे मिळाल्याचे एक मोठे उदाहरण महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांना ठाऊक आहे. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले, तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय परत आणले गेले, त्यांत मराठी माणसेही होती. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांनी भरपाई आयोग नेमला आणि पैसा इराकच्या तेल-उत्पन्नातून घेतला. कुणाला थेट अर्ज करता येत नव्हता. तो आपल्या सरकारमार्फत जायचा. सगळी कागदपत्रे मागे राहिलेल्यांसाठी ठोक रकमेचा गट होता: निघून आल्याचा पुरावा एवढाच हवा, एकट्याला २,५०० आणि कुटुंबाला ५,००० डॉलर. घरातले सामान, पगार, बँकेतली रक्कम यांचा हिशेब मागणाऱ्यांना वेगळ्या गटात एक लाख डॉलरपर्यंत दावा करता येई, पण त्याला पुरावा लागे. शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये गेला, तोवर एकूण ५२.४ अब्ज डॉलर वाटून झाले होते.