शेताची दप्तरदारी

आमची सारी नोकरी महसुलाच्या दप्तरांत गेली. म्हणूनच इंग्लंडांत हर्टफर्डशायर परगण्यांतील रॉथॅम्स्टेड येथील कृषिसंशोधनसंस्थेची हकीकत आम्हांस विशेष वाटली. तेथील ब्रॉडबॉक नांवाच्या शेतांत लॉज व गिल्बर्ट ह्या गृहस्थांनीं १८४३ सालीं गव्हाचा प्रयोग आरंभिला. एका पट्टीस शेणखत, कांहींस रासायनिक खतें, एकीस कांहींच नाहीं. तो प्रयोग अद्याप चालू आहे. १८५६ पासून राखिलेल्या कुरणांत तर बिनखताच्या वाफ्यांवर चाळिसांच्या आसपास जातींच्या वनस्पति आढळतात. अमोनियम सल्फेटानें आम्ल झालेल्या वाफ्यांवर दोन-तीनच उरल्या आहेत.

अशा ठिकाणीं आतां एक निराळाच पेशा निघाला आहे. माणूस कुरणांत बसून वनस्पति मोजतो, आणि त्याच मोजणीचें दप्तर संगणकावर राखतो. बुशेलांचे टन करणें सोपें. परंतु बियाण्याची जात कधीं बदलली, १९२६ पासून तण मारण्यासाठीं शेताचे भाग पाळीपाळीनें पडीत कसे ठेविले, हें आंकड्यांजवळ न लिहिल्यास उत्पन्न कशानें घटलें हें कळावें कसें? १९१९ सालीं फिशर नांवाचा गणिती हे जुने आंकडे तपासण्यास तेथें आला, आणि त्या कामांतून शेतीच्या प्रयोगांची नवी पद्धति निघाली. तेथें माती, धान्य व काड यांचे तीन लाखांवर नमुने बाटल्या-डब्यांतून जपले आहेत. त्यांतील दीडशें वर्षांच्या गव्हावरून २००५ सालीं असें दिसून आलें कीं, पानांवरील दोन बुरशींचें परस्पर प्रमाण हवेंतील गंधकाच्या धुराबरोबर बदलत गेलें. नमुना ठेवणारास ह्याची कल्पनाही नव्हती!

आमच्याकडील गोष्ट सांगतांना लाज वाटते. एका गांवीं पीकपाहणी चावडींत बसूनच होई. गतसालची पिकें यंदाच्या रकान्यांत उतरत. आम्हींही ते कागद मुकाट्यानें पुढें पाठविले. अवर्षणाच्या सालीं एका शेतकऱ्याची तूर वाळली. दप्तरांत ज्वारी होती, मदत मिळाली नाहीं. तो मनुष्य आमच्या टेबलापुढें दोन प्रहर उभा होता.

२०२१ पासून महाराष्ट्रांत ही नोंद शेतकऱ्यास मोबाइलवरून स्वतः करितां येते. ती करावीच, शिवाय पेरणीची तारीख, बियाण्याची जात व पाऊस घरच्या वहींत लिहावा. आम्ही अशी वही ठेविली आहे. आजारपणामुळें एक श्रावण कोरा गेला. अंदाजानें भरण्याचा मोह झाला होता, परंतु तो कोराच ठेविला आहे.