स्नायू साखर का नाकारतो?
शरीरातील ऊर्जा : लेखांक सहावा

मागच्या आठवड्यात आपण स्नायूपेशीतल्या तंतुकणिकांपर्यंत पोचलो. ग्लुकोजचा एक रेणू पेशीद्रवात फुटला की एटीपीचे निव्वळ दोन रेणू हाती लागतात. तेच काम तंतुकणिकेत तडीस गेले की तीसच्या आसपास. पण मुळात ग्लुकोज पेशीत शिरते कसे, आणि रक्तात साखर भरपूर असतानाही काहींचे स्नायू ती घेत का नाहीत?

जेवणानंतर वाढलेले इन्शुलिन पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला चिकटते. आत निरोप जातो आणि राखून ठेवलेली ‘ग्लूट-४’ ही वाहक प्रथिने वर येऊन ग्लुकोजला आत घेतात. त्यातले थोडे जळते, बरेचसे ग्लायकोजेन म्हणून साठते. इन्शुलिनरोधात इन्शुलिन कमी नसते, उलट सुरुवातीच्या काळात ते नेहमीपेक्षा जास्तच असते. निरोप मात्र वाटेत अडतो.

तो अडवण्यात मेदाचा मोठा हात असतो. मेद जळू लागला की ग्लुकोजचे ज्वलन मागे पडते, हे फिलिप रँडल आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडले. पुढे येल विद्यापीठात जेराल्ड शुलमन यांनी जिवंत माणसाच्या स्नायूत डोकावणारे चुंबकीय तंत्र वापरून दाखवले की अडथळा त्याही आधी, ग्लुकोज आत येतानाच असतो. स्नायूत साचलेल्या मेदापासून बनणारी डायग्लिसराइडे इन्शुलिनचा निरोप बिघडवतात, असे त्यांचे म्हणणे. लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या स्नायूंतही मेद भरपूर असतो, पण तो रोज खर्च होतो आणि त्यांचे स्नायू इन्शुलिनला उत्तम दाद देतात. तेव्हा नुसत्या साठ्याला दोष देऊन भागत नाही.

मग तंतुकणिकाच दुबळ्या असतात का? शुलमन यांच्याच गटाने २००४ मध्ये मधुमेही पालकांच्या सडपातळ, पण इन्शुलिनरोध असलेल्या तरुण मुलांत एटीपीनिर्मिती सुमारे ३० टक्के कमी आढळल्याचे सांगितले. आपल्यासाठी त्याहून महत्त्वाचा मला २००८ चा अभ्यास वाटतो. मेयो क्लिनिकमध्ये के. श्रीकुमारन नायर यांच्या गटाने अमेरिकेतल्या भारतीयांचे स्नायू तपासले. इन्शुलिनरोध तीव्र, तरी तंतुकणिकांची एटीपी बनवण्याची क्षमता उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा जास्तच! म्हणजे तंतुकणिका धडधाकट असूनही इन्शुलिनरोध असू शकतो. ‘तंतुकणिकांना बळ देणाऱ्या’ महागड्या गोळ्यांवर पैसे घालवण्याआधी एवढे जरूर लक्षात घ्यावे.

आपली अडचण शरीराच्या घडणीतही आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. दोघांचाही बीएमआय २२.३, शरीरातला मेद मात्र युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के. वजनकाटा समाधानकारक आकडा दाखवत असताना स्नायू कमी आणि मेद जास्त असू शकतो, आणि स्नायू कमी म्हणजे साखर साठवायला जागाही कमी.

अशा माणसाने सकाळी पोहे, मग चहा-बिस्किटे आणि दुपारी भाताचा डोंगर खाल्ला तर ती साखर जाते कुठे? येलच्याच २००७ च्या अभ्यासात कर्बोदकांनी भरलेल्या जेवणानंतर इन्शुलिनरोध असलेल्या सडपातळ तरुणांच्या स्नायूंत ग्लायकोजेन सुमारे ६० टक्के कमी बनले, आणि यकृतातली मेदनिर्मिती दुपटीहून वाढली. म्हणून भात कमी आणि उसळ-वरण जास्त, हा बदल मला औषधाइतकाच गंभीर वाटतो.

दिलासा देणारी गोष्ट अशी की, आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनच्या निरोपाची वाट पाहत नाही. नुसत्या हालचालीनेही ग्लूट-४ पृष्ठभागावर येते, आणि इन्शुलिनरोधातही हा मार्ग बहुतांशी शाबूत राहतो. शतपावली शंभर पावलांवर न थांबवता जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालावे, त्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशांसारखा ताकदीचा व्यायाम करावा. मात्र इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी औषधे चालू असतील, तर आहार-व्यायामात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवून घ्यावी.

पुढील लेखांकात : यकृतात साचणारा मेद.