हौसेची कोंबडी

कोंबडी साधारण पाच ते आठ वर्षं जगते, पण अंडी जोमानं देते ती पहिली दोनेक वर्षंच. हौसेनं पाळणाऱ्यानं पुढच्या वर्षांचा विचार आधीच केलेला बरा. एकटीदुकटी कोंबडी बुजते. निदान तीन हव्यात. कळपात कुणी कुणाला टोचायचं याची उतरंड पक्की असते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ श्येल्डरुप-एब्बे यांनी ती १९२१ च्या सुमारास मांडली. म्हणून नवी कोंबडी थेट आत न सोडता काही दिवस जाळीपलीकडे ठेवतात.

पाहण्यासारखं असतं ते तिचं धूळस्नान. कोरड्या मातीत नखांनी खळगा करून ती कुशीवर पडते, पंखांनी माती पिसांच्या मुळाशी उडवते, पाय ताणते आणि उठून अंग झटकते. पिसांतल्या उवा अशाच आटोक्यात राहतात. पाण्यानं अंघोळ घालायची गरज नसते. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी मात्र पिसं फुगवून बसते आणि हात पुढे केला की टोचते.

सिल्की जात स्वभावानं गरीब. पिसं मऊ लोकरीसारखी, कातडी काळी, पायाला चारऐवजी पाच बोटं. तिला उडता येत नाही आणि पावसात ती चिंब भिजते, त्यामुळे कोकणात तिला पक्कं छप्पर हवंच.

मुंगूस आणि मांजर यांच्यासाठी खुराड्याला बारीक जाळी, रात्री कडी. मानमोडी (राणीखेत) रोगाची लस चुकवू नये. शेजाऱ्यांची झोप प्रिय असेल तर कोंबडा टाळावा. अंडी त्याच्यावाचूनही मिळतात, फक्त पिल्लं होत नाहीत.