विजेचे दोन पहारेकरी आणि बीडची कोरडी जमीन

बीड जिल्ह्याच्या अर्वाचीन इतिहासात वीज आणि पाणी यांचे नाते जितके निकटचे तितकेच विपरीत राहिले आहे. निजामी अमदानीतून 1948 साली मुक्त झालेल्या, 1956 साली मुंबई राज्यात आणि 1960 साली महाराष्ट्रात समाविष्ट झालेल्या या जिल्ह्यात परळी वैजनाथ येथे औष्णिक विद्युत्केंद्र उभे राहिले, 1971 साली त्याचा 30 मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला आणि पुढे 210 व 250 मेगावॅटच्या संचांनी त्याचा व्याप वाढवला. परंतु 2013 च्या दुष्काळात, गोदावरीवरील खडका बंधाऱ्यात पाणी उरले नाही म्हणून, हेच केंद्र बंद ठेवण्याची पाळी आली. ही वार्ता वर्तमानपत्रांतून गाजली. पाण्याच्या अभावाचा विजेवर होणारा दुसरा परिणाम मात्र कधी गाजत नाही, कारण तो घराच्या परसात, जमिनीखाली अडीच मीटरांच्या आत, कोणाच्या नजरेस न पडता घडतो : घराचे अर्थिंग, म्हणजे गळालेली वीज जमिनीत पोचवणारी जोडणी, वाळते. वाळलेल्या अर्थिंगच्या घरात कोणते उपकरण माणसाला वाचवू शकते आणि कोणते शकत नाही, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

एके काळी घराच्या मेन स्विचशेजारी चिनी मातीचा किटकॅट फ्यूज असे. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की त्यातील बारीक तार वितळून जाई, आणि ती पुन्हा पुन्हा उडू लागली की कोणीतरी तांब्याच्या जाड तारेचे चार पीळ देऊन तिचा कायमचा बंदोबस्त करून टाकी. म्हणजे फ्यूज उडण्याचे थांबे आणि भिंतीतील वायर तापण्यास प्रारंभ होई. या दोषावर जर्मनीतील मानहाइम येथील ह्यूगो स्टोट्झ यांच्या कारखान्यात 1924 च्या सुमारास जो उपाय सिद्ध झाला, तोच आजच्या एमसीबीचा पूर्वज होय. एमसीबीच्या पोटात दोन यंत्रणा एकत्र नांदतात. पहिली दोन भिन्न धातूंच्या जोडपट्टीची : प्रवाह दीर्घकाळ अधिक राहिला की ही पट्टी तापून वाकते आणि खटका पाडते, तिचे प्रमाण असे की नेमलेल्या प्रवाहाच्या 1.13 पट प्रवाह तासभर वाहिला तरी ती स्वस्थ राहते, 1.45 पट झाला तर मात्र तासाच्या आत परिपथ तोडते. दुसरी यंत्रणा वेटोळ्याच्या चुंबकाची : शॉर्ट सर्किट होऊन प्रवाह एकाएकी उसळला की हे चुंबक तत्क्षणी खटका खेचते, आणि घरोघरी बसवल्या जाणाऱ्या 'सी' वर्गाच्या एमसीबीत हा क्षण नेमलेल्या प्रवाहाच्या पाच ते दहा पटींच्या दरम्यान येतो. ही दोन्ही कामे एमसीबी इमानाने करते. परंतु तिची नेमणूक वायरचे रक्षण करण्यासाठी, आगीपासून घर वाचवण्यासाठी झालेली आहे, आणि माणसाचे रक्षण हे तिच्या कामाच्या यादीत नाही, ही गोष्ट बोर्डावरील काळ्या खटक्यांकडे विश्वासाने पाहणाऱ्या गृहस्थास सहसा कोणी सांगत नाही.

ती गोष्ट प्रत्यक्षात कशी घडते हे पाहण्यासाठी गेवराई किंवा माजलगाव तालुक्यातील मे महिन्यातला एखादा लोखंडी पत्र्याचा कूलर डोळ्यांपुढे आणावा. तिन्ही बाजूंना गवताच्या ताट्या, तळाशी पाण्याची टाकी, टाकीत बुडालेला लहानसा पंप, आणि पत्र्याला पाडलेल्या भोकातून आत गेलेली वायर. पंख्याच्या थरथरीने त्या भोकाची धार वायरीचे वेष्टन दिवसेंदिवस कापत राहते आणि अखेर फेजची उघडी तार पत्र्याला टेकते. भिंतीत तीन भोकांचे सॉकेट असूनही पिन दोनच पायांची असेल, तर पत्रा पूर्ण दाबाने जिवंत होऊन कोणाच्या तरी हाताची वाट पाहत राहतो. पिन तीन पायांची असेल आणि अर्थिंगही असेल, तरी निश्चिंत होण्याचे कारण नाही, हे पुढील हिशेबावरून दिसेल. समजा, घराच्या अर्थिंगचा रोध 40 ओहम आहे आणि रोहित्राकडील, म्हणजे गावकऱ्यांच्या भाषेत डीपीकडील, अर्थिंग धरून एकूण रोध 46 ओहम होतो. 230 व्होल्टांच्या दाबाखाली या वाटेने 5 अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. 16 अँपिअरची एमसीबी 18 अँपिअरपर्यंत हलत नाही आणि तिचे चुंबक 80 अँपिअरच्या अलीकडे जागे होत नाही; म्हणजे हे 5 अँपिअर तिच्या लेखी सामान्य वापरच ठरतात. मीटर तासाला एक युनिटाहून अधिक वीज व्यर्थ मोजत राहतो, आणि कूलरचा पत्रा जमिनीच्या मानाने 200 व्होल्टांवर उभा असतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून टाकीत बादली रिकामी करणाऱ्या माणसाच्या देहाचा रोध अशा वेळी हजार ओहमच्या आसपास धरला, तर त्याच्या छातीतून 200 मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो, आणि एवढा प्रवाह काही क्षण टिकला तरी हृदयाची लय मोडण्यास पुरेसा आहे.

या हिशेबात 40 ओहमचा आकडा घेतला तो बीडची जमीन पाहून घेतला आहे. भूमीची वीजवाहकता तिच्यातील ओलाव्यावर आणि त्यात विरघळलेल्या क्षारांवर अवलंबून असते. गोदाकाठची काळी कसदार जमीन श्रावण-भाद्रपदात उत्तम वाहक असते. तीच वैशाखात भेगाळली की अर्थिंगच्या पाइपभोवतीची पकड सोडते. आष्टी-पाटोद्याकडे बालाघाटाच्या माथ्यावर तर वितीवर मुरूम आणि त्याखाली बेसॉल्टचा खडक, त्यामुळे तेथे अर्थिंगचा रोध मुळातच चढा असतो. खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरावे, उन्हाळ्यात त्यात वरचेवर घागरभर पाणी ओतावे, असा जुना दस्तूर आहे आणि तो शास्त्राला धरून आहे. परंतु ज्या गावाला पिण्याचे पाणी टँकरने येते, त्या गावी ही घागर जमिनीत ओतण्याची तजवीज कोण करणार? ज्या ऋतूत कूलर अहोरात्र चालतो, त्याच ऋतूत त्याला आधार देणारी भूमी सर्वांत दुर्बल असते, असा हा योग आहे.

या दुर्बलतेवरचा उपाय दुसऱ्या पहारेकऱ्यापाशी, म्हणजे गळती ओळखून परिपथ तोडणाऱ्या उपकरणापाशी, आहे. 1957 च्या सुमारास व्हिएन्ना येथे गॉटफ्रीड बीगेलमायर यांनी या उपकरणाला व्यवहार्य रूप दिले, आणि 1961 साली अमेरिकेत बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील यांनी, किती प्रवाहापर्यंत माणूस हातातील तार स्वतःहून सोडू शकतो याचा वर्षानुवर्षे अभ्यास केल्यानंतर, तेथील घरांसाठी असेच उपकरण सिद्ध केले. आपल्याकडे याला आरसीसीबी म्हणतात. तिची रीत कचेरीतल्या खजिनदारासारखी आहे : फेजने घरात किती गेले आणि न्यूट्रलने किती परत आले, एवढाच जमाखर्च ती पाहते. दोन्ही तारा एका लोहकड्यातून जातात. जावक आणि आवक समान असली की त्यांचे चुंबकीय परिणाम परस्परांना छेदून शून्य होतात, आणि काही अंश भलत्याच वाटेने जमिनीत गेला की त्या तफावतीने कड्यावरील तिसऱ्या वेटोळ्यात दाब उत्पन्न होऊन खटका पडतो. घरगुती आरसीसीबीला ही तफावत 30 मिलिअँपिअरपर्यंतच खपते, आणि ती पाचपट झाली तर 40 मिलिसेकंदांच्या आत परिपथ तुटला पाहिजे असा मानकाचा दंडक आहे. हृदयाच्या एका ठोक्याला साधारणतः 800 मिलिसेकंद लागतात, हे ध्यानी घेतले म्हणजे या वेगाचे महत्त्व कळते.

वर सांगितलेल्या कूलरमधील 5 अँपिअरची गळती या मर्यादेच्या शंभर-दीडशे पटींहून अधिक आहे. ती निर्माण होताच, पत्र्याला कोणाचा हात लागण्यापूर्वीच, आरसीसीबी पडते. याहून मोलाची गोष्ट अशी की पत्र्यावरील दाब 50 व्होल्टांच्या आत ठेवावयाचा तर 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला अर्थिंगचा रोध 1,600 ओहमपर्यंत चालतो. जेथे केवळ एमसीबीच्या भरवशावर राहावयाचे तर एक-दोन ओहमचे अर्थिंग हवे, आणि ते बालाघाटाच्या खडकात जवळजवळ अप्राप्य, तेथे वैशाखातले वाळके अर्थिंगही या उपकरणास पुरून उरते.

तथापि तिच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरणाऱ्याला ती वाचवू शकत नाही, कारण तेथे जमाखर्च तंतोतंत जुळतो. निव्वळ आरसीसीबी अतिभार आणि शॉर्ट सर्किट ओळखत नाही. तिच्या जोडीला एमसीबी हवीच. खांबापासून मीटरपर्यंतच्या वायरीवर तिचा अंमल चालत नाही. सर्वांत मोठा धोका तर घरातूनच उद्भवतो. अर्थिंग नसलेल्या घरात सॉकेटमधील अर्थचे टोक न्यूट्रललाच जोडून देण्याची जी वाईट चाल पडली आहे, तिच्यामुळे मागे कोठे न्यूट्रल तुटला की घरातील प्रत्येक धातूचे कवच जिवंत होते. आणि पहिल्या पावसात ओल्या भिंतीतून गळती होऊन आरसीसीबी वारंवार पडू लागली की 'सारखी ट्रिप होते' म्हणून तिला वगळून थेट जोडणी करून घेतली जाते. वास्तविक ते वारंवार पडणे ही भिंतीतल्या दोषाची तक्रार असते. तिच्या अंगावरील चाचणीचे बटन काही महिन्यांनी दाबून पाहावे. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघणारी या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे सहा-सहा महिने घर बंद ठेवून जातात. परतल्यावर दिवा लावण्याआधी त्यांनी हे बटन दाबावे, आणि खटका पडला नाही तर वायरमनला बोलवावे.

देशात अलीकडच्या वर्षांत विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांची सरकारी नोंद दरवर्षी बारा हजारांच्या वर जाते. असे असूनही केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाने 2010 साली सुरक्षेची नियमावली काढली तेव्हा गळतीरक्षक उपकरणाच्या सक्तीतून पाच किलोवॅटांखालील घरगुती जोडण्या वगळल्या होत्या. नियम पुढेही बदलत राहतील. पण घर जितके लहान तितका धोका लहान, हे त्यामागील गृहीतकच तपासून पाहण्यासारखे आहे. पाटोद्याच्या पत्र्याच्या घरात दोन दिवे, एक कूलर आणि एक पाणी तापवण्याचा रॉड असेल, भार पाच किलोवॅटांच्या जवळपासही नसेल. परंतु तेथे जमीन खडकाळ, भिंती पत्र्याच्या, पाय अनवाणी आणि पिन दोन पायांची आहे. वीजभार पाहून धोका मोजणारा कायदा या घराला सुरक्षित समजतो, आणि जमीन पाहून मोजणारा कायदा त्याचीच निकड सर्वांत आधी मानील. सरकारी मदतीने जी घरकुले उभी राहतात, त्यांच्या अंदाजपत्रकात सिमेंट आणि सळईच्या ओळीखाली आरसीसीबीची एक ओळ घातली, तर कूलरच्या किमतीहून कमी खर्चात हे काम होण्यासारखे आहे. पाऊस वेळेवर पाडणे कोणत्याही शासनाच्या हाती नाही. ही ओळ घालणे आहे.