काका, वजनाविषयी थोडं बोलू का?

कौंडण्यपूरची कार्तिक यात्रा आटोपली आहे. वर्धा नदीकाठच्या रोडगे-वांग्याच्या पंगती उठल्या आहेत. अशा वेळी एक काका गुडघेदुखीसाठी दवाखान्यात आले, असे समजा. डॉक्टर त्यांना वजनकाट्यावर उभे करून म्हणतात, "वजन कमी करा. भात, तूप, साखर बंद!" काका मान डोलावतात आणि वर्षभर त्या दवाखान्याची पायरी चढत नाहीत. दरम्यान रक्तातील साखर वाढत गेली, तरी कोणाला कळणार?

काकांची उंची १६५ सेंमी, वजन ६६ किलो. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागा : ६६ ÷ (१.६५ × १.६५) = २४.२. हा झाला देहवस्तुमान निर्देशांक. पाश्चात्त्य तक्त्यात २५ च्या आतला माणूस ठीक समजतात; भारतीयांच्या बाबतीत मात्र २३ पासूनच सावध राहावे, असे तज्ज्ञ सांगतात.

असे का? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना छापली. निर्देशांक दोघांचाही २२.३. परंतु क्ष-किरणांनी मोजले तेव्हा युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाला! पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील नवजात बालकेही इंग्लंडमधील बालकांहून बरीच हलकी, पण त्यांच्यात स्नायू कमी आणि मेद मात्र त्या मानाने टिकून असलेला आढळला. तेव्हा "मी जाड कुठे दिसतो?" ही काकांची शंका अगदीच खुळी नाही. तिचे उत्तर द्यायला हवे.

दुसरी गोष्ट भुकेची. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अपुऱ्या अन्नावर ठेवले. ते स्वेच्छेने आलेले, निर्धाराचे तरुण. तरी त्यांना दिवसरात्र अन्नच सुचू लागले. काहीजण तर पाककृतींची पुस्तके वाचत बसत! वजन घटू लागले की शरीर भूक वाढवून प्रतिकार करते. "तुमचा जिभेवर ताबा नाही" असे रुग्णाला सुनावणारा डॉक्टर हे शरीरशास्त्र विसरलेला असतो.

मग बोलावे कसे? विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली एक पद्धत मांडली : हुकूम सोडू नका, विचारा; आणि बदलाचे कारण रुग्णाच्याच तोंडून येऊ द्या. आपल्या काकांशी हे संभाषण असे होईल :

"काका, गुडघ्याबरोबर वजनाविषयीही थोडं बोलू का?"

"बोला नं. पन डॉक्टरसायेब, मी तं दोनच भाकरी खातो. मंग पोट काऊन सुटलं?"

"बरोबर विचारलंत. सकाळपासून काय काय खाणंपिणं होतं, सांगता?"

या सांगण्यातून सहा कप चहा बाहेर येतो. कपाला दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम साखर. दिवसाला ६० ग्रॅम, सुमारे २४० उष्मांक.

"यातलं काय बदलणं तुम्हाला जमेल?"

"चाय सोडनं नाई जमत. साखर अर्धी करतो. पन पंगतीतले रोडगे सोडनार नाई, बापा!"

"पंगत काही रोज नसते. ती राहू द्या."

रोजचे १२० उष्मांक कमी झाले, आणि तेही काकांच्या स्वतःच्या निर्णयाने.

यासाठी डॉक्टरांना वेळ कुठे असतो, असे कोणी म्हणेल. इंग्लंडमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १८८२ रुग्णांशी डॉक्टर अवघी अर्धा मिनिट बोलले. निम्म्यांना वजन घटवल्यास फायदा होईल एवढेच सांगितले; उरलेल्यांना मदतवर्गात जाण्याविषयी विचारून तेथेच नाव नोंदवून दिले. वर्षाअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरी १ किलोने, तर दुसऱ्याचे २.४ किलोंनी घटले. हे बोलणे अनुचित व निरुपयोगी वाटले, असे म्हणणारे फक्त चौघे निघाले!

आणि फार वजन घटवावे लागते असेही नाही. २००२ साली अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांना ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम, एवढेच उद्दिष्ट दिले होते. त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. काकांसाठी ७ टक्के म्हणजे जेमतेम साडेचार किलो.

घरी शिंप्याची टेप असेल, तर मोठ्यांच्या कमरेचा घेर मोजून पाहा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. पुरुषांसाठी ९० सेंमी, स्त्रियांसाठी ८० सेंमी ही सावधगिरीची रेषा. ही मापे प्रौढांची आहेत, तुम्हाला लागू नाहीत. आणि हो, मोजण्यापूर्वी परवानगी विचारा, आकडा मोठ्याने वाचू नका.